डाव्या हाताचे उस्ताद

आमच्या घरात दोघंही एकमेकांना ‘अहो’ म्हणायचे. आईने बाबांना म्हणणं कुणाला खटकत नसे, पण बाबांनी आईला ‘अहो, जरा इकडे येता का’ असं म्हटलं की माझ्या मैत्रिणी तोंडावर हात धरून हसायच्या. मला त्यात काही विशेष वाटत नसे. आईच्या खांद्यावर तारे होते आणि बाबांच्या बाहीवर, ते नोकरीत होते तोवर, नुसत्या पट्ट्या. तारेवाल्याला पट्टीवाल्याने सॅल्यूट करायचा हा फौजेतला नियम. लग्न झालं, नोकरी सुटली, तरी बाबांची जीभ काही ‘अगं’वर उतरली नाही.

बाबा गवंड्याचा मुलगा. घरात फौजेत गेलेले तेच पहिले. पुढे हवालदार झाले आणि नव्या रिक्रूटांना कवायत शिकवायच्या कामावर लागले. आवाज असा की मैदानाच्या एका टोकाला ते ‘सावधान’ म्हणाले की दुसऱ्या टोकाच्या स्वयंपाकघरातला आचारीसुद्धा हातातला डाव खाली टाकून ताठ व्हायचा. पोरांनी त्यांचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं. ते आपल्याला माहीत नाही, असं बाबा नोकरी सुटेपर्यंत भासवत राहिले.

सॅल्यूट शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. नवी पोरं हात उचलायची ते बघून वाटायचं, एक जण माशी हाकलतोय, दुसरा उन्हातून लांबचं काही दिसतंय का बघतोय. बाबा एकेकाचं कोपर धरून जागेवर आणायचे. हात वर जाताना लांबच्या रस्त्याने जाऊ दे, खाली येताना जवळच्या. तळवा पूर्ण उघडा, म्हणजे हातात काही लपवलेलं नाही हे समोरच्याला दिसतं. डोक्यावर टोपी नसेल तर हात उचलायचाच नाही, नुसतं सावधान. एवढं झालं की ते आपल्या पदरचं सांगायचे. सॅल्यूट माणसाला नसतो, हुद्द्याला असतो, असं पुस्तकात आहे; ते पाठ करा. पण हुद्दा काही डोळे उघडून तुमच्याकडे बघत नाही, माणूस बघतो, तेव्हा तुम्हीही बघून करा. आणि वरच्याने तो परत करायचाच असतो. तो परत करेपर्यंत तुमचा सॅल्यूट अर्ध्यावरच आहे असं समजा.

धड्याच्या अगदी शेवटी एक नियम यायचा: उजवा हात जायबंदी असेल तर डाव्या हाताने सॅल्यूट चालतो. धडधाकट पोरांपुढे त्याचं काय एवढं, म्हणून पाण्याच्या सुट्टीआधी बाबा तो घाईघाईत उरकून टाकायचे.

हातबॉम्बच्या सरावाच्या वेळी ते घडलं. बॉम्ब खंदकात उभं राहून फेकायचा असतो. एका रिक्रूटने पिन काढली, त्याच्या हाताला घाम होता, बॉम्ब निसटला आणि दोघांच्या पायाशी पडला. पोरगा जागच्या जागी थिजला. बाबांनी त्याला गुडघ्याने बाजूला ढकललं, बॉम्ब उचलला आणि बाहेर भिरकावला. तो खंदकाच्या कडेवरून जाता जाताच फुटला. त्या कडेने बाकीचं शरीर वाचवलं. उजवा हात कोपराखाली गेला. रिक्रूटला चार ओरखडे आले.

लष्करी इस्पितळात ज्या वॉर्डात त्यांना आणलं, तो वॉर्ड आईकडे होता. परिचारिका म्हणून ती नुकतीच लेफ्टनंट झाली होती. पुढचं सगळं मला तिने सांगितलेलं आहे. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, “तुझ्या आईने सांगितलं ना? मग तसंच असणार.”

वॉर्डात सकाळी इस्पितळाचे प्रमुख, कमांडंट, फेरीला यायचे. खाटेवरच्या जवानाला उठता येत नसेल तर त्याने पडल्या पडल्या सावधान व्हायचं, दोन्ही हात अंगालगत सरळ. बाबा कमांडंट यायच्या आधी डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायचे. आईने आधी मनावर घेतलं नाही. मग एकदा तिने पांघरूण बाजूला केलं, तर हे टक्क जागे. म्हणाले, “मॅडम, मला झोपलेलं दाखवा. एका हाताचं सावधान मला येत नाही.”

आईने त्यांना झोपलेलं दाखवलं. दुसऱ्या दिवशीही दाखवलं. कमांडंटना ते कळलं होतंच, पण ते पुढच्या खाटेकडे वळायचे.

तो रिक्रूट भेटायला आला. खाटेच्या पायथ्याशी ओठ चावत उभा राहिला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, कॉलरचं बटण उघडं आहे. त्याने ते लावलं. मग बाबांनी त्याला बसवून घेतलं आणि आता बॉम्ब नीट फेकतोस का, मनगट कसं ठेवतोस, एवढंच विचारलं. तो गेल्यावर आई औषध द्यायला आली तेव्हा उशी ओली होती. तिने ती बदलली.

जखम भरत आली तशी आईने विषय काढला. डाव्या हाताने सॅल्यूट चालतो, हे तुम्हाला माहीत आहे ना? बाबा म्हणाले, मी शिकवलंय ते. पण डाव्या हाताचा सॅल्यूट म्हणजे आरशातल्या माणसाने केल्यासारखा दिसतो. त्यावर आईने न्हाव्याकडचा मोठा आरसा मागवला, खाटेसमोर भिंतीला टेकवून ठेवला, बाबांच्या डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाली, मग त्यातच बघून करा.

बाबांनी डावा हात उचलला. आरशातल्या माणसाने जो उचलला तो, समोर उभ्या असलेल्या कुठल्याही जवानाचा दिसावा तसा, उजवा दिसत होता. बाबा बघत राहिले. आईला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. पण त्यांनी हात खाली घेतला आणि आरसा भिंतीकडे वळवायला सांगितला.

“हा मला खोटी आशा लावतोय,” ते म्हणाले. “त्यापेक्षा तुम्ही समोर उभ्या राहा.”

म्हणून आई समोर उभी राहिली. कधी हातात थर्मामीटरचा ट्रे, कधी बँडेजच्या गुंडाळ्या. वॉर्डातलं काम आवरलं की रोज थोडा वेळ. बाबा डाव्या हाताने सॅल्यूट करायचे आणि आई, ट्रे खाली ठेवून, प्रत्येक सॅल्यूट परत करायची. नियमच होता तो, टाळता येत नव्हता. सुरुवातीला बाबांचा हात कानावर आदळायचा. नंतर जमू लागला. जमू लागला तसं त्यांचं लक्ष आईच्या सॅल्यूटकडे गेलं आणि न राहवून ते म्हणाले, मॅडम, रागावू नका, पण तुमचं कोपर पडतंय. आईने कोपर वर घेतलं. आई म्हणते, आपल्याला हा माणूस आवडतो हे तिला त्याच वेळी कळलं. शुद्ध सॅल्यूट करायला शिकवणारा माणूस आजवर कधी भेटला नव्हता म्हणून नव्हे, तर हात तुटल्यानंतर तो पहिल्यांदाच स्वतःच्या हाताऐवजी दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता म्हणून.

मग एका सकाळी कमांडंट फेरीला आले तेव्हा बाबा खाटेशेजारी टोपी घालून उभे होते. कमांडंटनी सॅल्यूट परत केला, जरा थांबले आणि म्हणाले, झोप पूर्ण झालेली दिसते, हवालदार.

नोकरी अर्थातच सुटली. बाबा गावी थोरल्या भावाकडे गेले. घरचे सगळे मायेचे, पण मायेने माणूस बसून जातो. वहिनी बटणं लावायची, बहीण, म्हणजे माझी आत्या, घास भरवायला पुढे यायची, भाऊ बुटांच्या नाड्या बांधायचा. बाबा सगळ्यांना करू देत होते. आई सुट्टी काढून भेटायला गेली तेव्हा ते अंगणात खुर्चीवर पाहुण्यासारखे बसले होते. तिने आत्याच्या हातातलं ताट काढून घेतलं, बाबांपुढे ठेवलं आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून आत्याशी गप्पा मारत बसली. निम्मं खाली सांडलं, निम्मं पोटात गेलं. जाताना तिनेच विचारलं, माझ्याशी लग्न कराल का. बाबा म्हणे सावधान उभे राहिले.

आईच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, विरोध हाताला नव्हता. ते पोस्टात साहेब होते आणि त्यांना हुद्दे फार कळायचे. जो तुला उठून सॅल्यूट करायचा त्याच्याशी लग्न करणार, लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न. इस्पितळातल्या परिचारिकांच्या प्रमुख, मेट्रनबाई, त्यांचाही तोच. आईने दोघांनाही एकच उत्तर दिलं.

“त्यांनी केलेला एकही सॅल्यूट मी परत केल्याशिवाय ठेवलेला नाही. मग वर कोण आणि खाली कोण?”

नोंदणी कचेरीत लग्न झालं. आजोबा आले, पण घड्याळाकडे बघत बसले. जेवताना मात्र बाबांनी एका हाताने संत्रं सोलून आजीच्या ताटात ठेवलेलं त्यांनी पाहिलं आणि मग शेजारी सरकून, हे कसं केलंत, म्हणून विचारायला लागले.

आई नोकरीत राहिली, त्यामुळे बाबा अधिकाऱ्यांच्या वस्तीत राहायला आले ते ‘लेफ्टनंटबाईंचे मिस्टर’ म्हणून. वस्तीच्या फाटकावर पहाऱ्याला असलेल्यांपैकी काही जण बाबांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांची पंचाईत व्हायची. एकदा दोघं बाजारातून येत होते, आई गणवेशात. पहारेकऱ्याने आईला कडक सॅल्यूट ठोकला, आईने परत केला. बाबा साध्या कपड्यांत, बोडक्या डोक्याने, खांद्याला भाजीची पिशवी. पहारेकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात आपोआप पुन्हा वर गेला. नियमात ते बसत नव्हतं. बाबा थांबले, आजूबाजूला कुणी नाही ना हे बघितलं आणि त्याला हळूच म्हणाले, “अरे, एकच पुरे. आम्ही घरी जाऊन वाटून घेऊ.”

मी झाले, वाढले, ती बाबांच्याच हातावर. आईची ड्युटी असायची. बाबा माझ्या वेण्या घालायचे: एक पेड दातात, एक हाताच्या उरलेल्या भागाखाली दाबलेला, तिसरा बोटांत. वेणी जरा वाकडी व्हायची, पण सुटायची नाही. स्वयंपाकघरात त्यांनी एक लाकडी फळी केली होती, तिच्यातून खिळे वर काढलेले. बटाटा त्या खिळ्यांवर रोवायचा आणि डाव्या हाताने सोलायचा. मला बरेच दिवस वाटायचं, बटाटे सगळ्यांच्याच घरी असे सोलतात.

त्या फळीनेच त्यांना काम मिळवून दिलं. आईच्या वॉर्डात एक जवान आला होता, एक हात गेलेला. दुसऱ्याने भरवलेलं तो खात नव्हता आणि स्वतः खायचा प्रयत्नही करत नव्हता. आईने घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा फळी बगलेत मारून इस्पितळात गेले, त्याच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसले आणि सफरचंद सोलायला लागले. सोललं, कापलं, सगळं स्वतःच खाल्लं. जवान बघत होता. दुसरं सफरचंद बाबांनी फळीसकट त्याच्याकडे सरकवलं.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि त्यांना रोज बोलवायला सुरुवात केली. वर्षभरात त्यांना रीतसर नेमणूक मिळाली, वॉर्डाच्या टोकाची एक खोली मिळाली. त्या खोलीत खिळ्यांच्या फळ्या, निरनिराळ्या बटणांचे शर्ट, नाड्यांचे बूट, दाढीचं सामान, कुलपं आणि किल्ल्या. बाबा तिथे पोरांना रडू द्यायचे, शिव्या देऊ द्यायचे, पण बटण मात्र लावून देत नसत. हळूहळू सगळं इस्पितळ त्यांना ‘डावे उस्ताद’ म्हणायला लागलं. हे नाव मात्र आपल्याला माहीत नाही असं त्यांनी कधी भासवलं नाही.

सॅल्यूट ते आपणहून शिकवत नसत. कुणी विचारलं तरच. कधी ना कधी जवळजवळ प्रत्येक जण विचारायचा.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी तोफखान्यातला एक नाईक आला. सगळे त्याला ‘तोफवाला’ म्हणत. गोळा वेळेआधी फुटून त्याचे दोन्ही हात गेले होते. त्याची बायको दिवसभर त्याच्याजवळ असायची, त्याला भरवायची, त्याचं नाक पुसायची, आणि तो छताकडे बघत राहायचा. बाबा रोज त्याच्याकडे जायचे, पण त्यांच्या पोतडीत त्याच्यासाठी फारसं काही नव्हतं. तेवढे दिवस बाबा घरी आले की थेट खिळ्यांच्या फळीशी जाऊन बसायचे. आई मला म्हणायची, त्यांना आता काही विचारू नकोस.

तोफवाल्याला घरी सोडायची वेळ आली. कमांडंट त्याला सर्वांसमोर शौर्यपदक देणार होते. मी जाणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. बाबांनी कारण विचारलं. त्या दिवशी मी त्यांचा डबा द्यायला गेले होते आणि दाराशी उभी होते.

“उस्ताद, पदक घेताना सॅल्यूट करतात,” तो म्हणाला. “मी कशाने करू?”

बाबा त्याच्या खाटेवर बसले. दोन्ही हात नसतील त्याने काय करायचं हेही नियमात होतं: ताठ उभं राहायचं आणि मान वळवून अधिकाऱ्याकडे बघायचं. बाबांनी ते सांगितलं. तोफवाला म्हणाला, ते काय सॅल्यूट झालं का? मान तर गाढवही वळवतं.

“मान वळवणं सोपं आहे,” बाबा म्हणाले. “बघणं अवघड आहे. हात असतो तेव्हा माणूस हाताच्या आड लपतो. तुला लपायला काही नाही. तुझा सॅल्यूट माझ्यापेक्षा अवघड आहे, म्हणून शिकावा लागेल.”

त्यांनी सराव सुरू केला. आई नेहमीसारखी अधिकारी म्हणून एका अंगाला उभी राहायची. आता ती मेजर झाली होती. तोफवाल्याची मान वळायची, पण डोळे जमिनीकडे घसरायचे. कुणाच्या नजरेला नजर देणं त्याने इस्पितळात आल्यापासून सोडलं होतं, बायकोच्यासुद्धा. बाबा ओरडत नव्हते. भोंग्याचा आवाज त्या खोलीत कधीच निघाला नाही. ते नुसतं म्हणायचे, पुन्हा. एकदा त्यांनी आईला बाजूला केलं आणि दाराबाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला आत बोलावून तिच्या जागी उभं केलं. ती गोंधळली, मला काय करायचंय, म्हणाली. बाबा म्हणाले, काही नाही, उभी राहा. तोफवाल्याने मान वळवली. आणि त्या वेळी डोळे खाली गेले नाहीत. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आई आणि बाबा बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

पदकाच्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. तोफवाला चालत पुढे गेला, थांबला, ताठ झाला आणि मान वळवून त्याने कमांडंटकडे पाहिलं. कमांडंटनी सॅल्यूट परत केला आणि हात लगेच खाली आणला नाही.  मग त्यांनी त्याच्या छातीवर पदक लावलं आणि त्याच्या बायकोला पुढे बोलावून तिचे आभार मानले.

कार्यक्रम संपल्यावर तोफवाला बाबांकडे आला. बाबा अधिकारी नव्हते, त्यामुळे त्यांना सॅल्यूट करायचा नव्हता, आणि हस्तांदोलन होणार नव्हतं. त्याने बाबांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. बाबांनी डावा हात त्याच्या मानेमागे ठेवला. पुढे गावी त्याने बायकोच्या साथीने रोपवाटिका काढली. ती दोघं अधूनमधून येतात आणि आमच्या गॅलरीत मावत नाहीत इतकी झाडं ठेवून जातात.

आई निवृत्त झाली, मग बाबाही. बाबांच्या खोलीत आता एक हुशार डॉक्टरीणबाई असते आणि तिच्याकडे विजेवर चालणारे हात आहेत. बाबांना त्याचा फार आनंद झाला. गेल्या वर्षी तिने आग्रह करून त्यांना बोलावलं आणि एक हात लावून पाहायला दिला. बाबा तो लावून घरी आले. बोटं उघडायची, मिटायची, जरा कुरकुरायची. मी म्हटलं, बाबा, आता उजव्या हाताने सॅल्यूट करून दाखवा. त्यांनी माझ्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. आईला म्हणाले, चला, जरा फिरून येऊ.

लग्न झाल्यापासून आई बाबांच्या डाव्या बाजूने चालायची, कारण धरायला हात त्याच बाजूला होता. त्या दिवशी बाबांनी तिला उजव्या बाजूला घेतलं, बोटं मिटवून तिचा हात धरला आणि दोघं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली. मी वरून बघत होते. परत येताना दोघं थांबली, काहीतरी बोलली, आणि आई रस्त्यातच त्यांच्यामागून वळून डावीकडे आली.

वर आल्यावर मी विचारलं, काय झालं.

“अगदी थंड आहे गं तो,” आई म्हणाली.

बाबा खुर्चीत बसून पट्टे सोडवत होते. “आणि मला कळतच नव्हतं, यांनी हात धरलाय की सोडलाय,” ते म्हणाले. “उद्या परत देऊन येतो. कुणा तरुण पोराला होईल.”

आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि भाजी निवडायला बसली. बाबांनी कप उचलला, फुंकर मारली आणि डॉक्टरीणबाईने दिलेला तो हात किती हलका आहे, बोटांची मूठ कशी वळते, हे मला कौतुकाने सांगत बसले.